जुन्याला धरून नवे

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ७ मध्ये, खारघर स्थानकासमोरच्या रेनट्री मार्गावर सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे केंद्र आहे. सेक्टर ११ मध्ये भारतीय स्टेट बँकेचे माहिती तंत्रज्ञान केंद्र आहे. दोघांचे काम निराळे, पण एक प्रश्न दोघांच्याही पाचवीला पुजलेला: यंत्र नवे आणायचे आणि जुन्या यंत्रावर साठलेले काम मात्र जराही सांडू द्यायचे नाही. बेलापूरच्या सी-डॅकचे मूळ कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये आहे. तिथल्याच एका विभागातून १९८५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था निघाली आणि पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. त्यामुळे या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात कुलाब्यापासून करावी लागते.

टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, ४० बिटांचा शब्द आणि २,०४८ शब्दांची फेराइट कोअर स्मृती. त्याला मागचे काही सांभाळायचे नव्हते. पण त्याच्याशी जुळणारे असे पुढेही काही आले नाही. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र आले. त्याचा शब्द ४८ बिटांचा, आज्ञा वेगळ्या. टिफ्रॅकच्या यंत्रभाषेत लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर चालण्याचा प्रश्नच नव्हता. सीडीसी ३६०० मात्र त्याच कंपनीच्या आधीच्या १६०४ शी बहुतांशी जुळणारा होता. मागच्या यंत्राशी जुळण्या-न जुळण्याचा हा फरक तेव्हा फारसा कुणाच्या डोळ्यांत भरला नसेल. पुढची साठ वर्षे त्याच फरकाने घडवली.

व्यापारी जगात ही गोष्ट आधी उमगली. आयबीएमचा १४०१ हा १९५९ मध्ये जाहीर झालेला संगणक हजारोंनी गेला. मुंबईत एस्सो कंपनीकडे तो १९६१ मध्ये आला. डिसेंबर १९६३ मध्ये हनीवेलने २०० हे यंत्र बाजारात आणले आणि त्यासोबत ‘लिबरेटर’ नावाचा प्रोग्रॅम दिला. १४०१ साठी लिहिलेले काम हनीवेलवर आणून देणे एवढेच त्याचे काम. गिऱ्हाईक तुटू लागले तशी आयबीएम हादरली. ७ एप्रिल १९६४ रोजी तिने सिस्टम/३६० ही मालिका जाहीर केली. या यंत्रांची रचना १४०१ पेक्षा मुळातूनच वेगळी होती. तरीही ३० क्रमांकाच्या लहान मॉडेलमध्ये सूक्ष्म-आज्ञांची अशी सोय केली होती, की ते गरजेप्रमाणे १४०१ होऊन वागे, आणि मूळ १४०१ पेक्षा जलद. नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्र ठेवण्याची ही रीत तेव्हापासून रुळली.

भारताच्या वाट्याला या कथेची उलटी बाजू आली. परदेशात परत आलेले १४०१ दुरुस्त करून आयबीएम ते इथे भाड्याने देत राहिली. जगाने ३६० धरला तरी आपली कितीतरी कार्यालये जुन्याच यंत्रावर राहिली. तिकडे बेलापूरहून खाडीपल्याड, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने त्याचे उत्पादन हाती घेतले. १९७४ मध्ये टीडीसी-३१२ आला, लगोलग १६ बिटांचा टीडीसी-३१६ आला. यंत्रे स्वदेशी होती, प्रयोगशाळांत आणि विद्यापीठांत चाललीही. पण ज्या कार्यालयांत १४०१ होता, त्यांची छिद्रांची कार्डे आणि ऑटोकोडर या भाषेतले प्रोग्रॅम यांच्याशी या यंत्रांचे काही नाते नव्हते. जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, आयबीएमने भारत सोडला तेव्हा तिची यंत्रे जिथल्या तिथे राहिली आणि ती चालती ठेवण्याचे काम सरकारी सीएमसी कंपनीकडे आले. मालक गेला, यंत्र जुने झाले, तरी त्यावरचे काम टाकून देणे कुणालाच परवडणारे नव्हते.

मग आला पीसी. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये तो बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा केला. तिची स्वतःची अशी मुख्य वस्तू एकच, यंत्र सुरू करणारा बायोस हा प्रोग्रॅम. कॉम्पॅकने तो मूळ संहिता न पाहता नव्याने लिहिला आणि ‘आयबीएम कंपॅटिबल’ हा धंदा सुरू झाला. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सोपी केल्यावर मुंबईच्या झेनिथसारख्या कंपन्या त्यात उतरल्या. नंतर लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन पीसी जोडून घेण्याची सोय सामान्य गिऱ्हाइकालाही झाली.

कंपॅटिबल असणे म्हणजे नेमके काय, हे १९८४ च्या पीसी-एटीमधल्या एका तपशिलात दिसते. आधीच्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यांच्या २० तारा होत्या, म्हणजे एक मेगाबाइटची मर्यादा. तिच्या पुढचा पत्ता दिला, की तो गुंडाळून पुन्हा शून्यावर येई. काही प्रोग्रॅम या खोडीवरच विसंबून लिहिलेले होते. ८०२८६ ला २४ तारा मिळाल्या आणि खोड नाहीशी झाली. तेव्हा आयबीएमने एकविसावी तार बंद करणारे एक फाटक मुद्दाम बोर्डावर बसवले आणि ते कीबोर्ड नियंत्रकाच्या हाती दिले. नव्या यंत्राला जुन्याचे गुणच नव्हे, दोषही सांभाळावे लागतात. हे फाटक पीसीच्या रचनेत दोन दशकांहून अधिक काळ टिकले.

मराठीच्या दृष्टीने या प्रवासातले सर्वांत मोलाचे पान पुण्यात लिहिले गेले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम मोहन तांबे यांच्यासोबत, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. त्यातून जिस्ट कार्ड निघाले. साध्या पीसीच्या खाचेत हे कार्ड बसवायचे, की डॉसवर चालणारे वर्डस्टार किंवा डीबेस न बदलता देवनागरीत काम करू लागे. त्याच्या मुळाशी होती इस्की ही संकेतप्रणाली, जी १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाली. पहिल्या १२८ जागा इंग्रजीसाठी जशाच्या तशा ठेवायच्या आणि भारतीय अक्षरे वरच्या अर्ध्या भागात बसवायची, एवढा साधा तोडगा. जुन्या प्रोग्रॅमला काही बदलल्याचे कळतही नसे. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी याच इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे.

त्याच संस्थेने महासंगणकातही हीच समज दाखवली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, तो इन्मॉसच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरवर. पुढच्या परम ८६०० मध्ये ट्रान्सप्युटर टाकून दिले नाहीत. ते तसेच ठेवून आकडेमोडीला इंटेलचे आय८६० जोडले. पुढे ट्रान्सप्युटरची वाटच खुंटली, पण परम ९००० ची रचना प्रोसेसर बदलता येईल अशीच केलेली होती.

जिथे हा विचार सुटला तिथली किंमत आपण अजून मोजतो आहोत. विंडोज आल्यावर जिस्ट कार्ड मागे पडले आणि प्रत्येक विक्रेत्याने स्वतःच्या फॉन्टचे स्वतंत्र संकेत वापरले. त्या काळातली मराठी पत्रे, पुस्तके, अहवाल आज फॉन्टशिवाय उघडले तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. उलट उदाहरण बेलापूरशी निगडित आहे. स्टेट बँक आणि तिच्या सहयोगी बँका एकाच कोअर बँकिंग प्रणालीवर होत्या, म्हणून १ एप्रिल २०१७ च्या विलीनीकरणात कोट्यवधी खाती एकत्र आणणे आवाक्यात आले.

आता सी-डॅक रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर ‘वेगा’ प्रोसेसर बनवते. यातले शहाणपण असे, की लिनक्स आणि कंपायलर त्या आज्ञासंचासाठी आधीच तयार आहेत. टीडीसीला ही सोय नव्हती. स्वदेशी यंत्र एकाकी असून चालत नाही, हा धडा टिफ्रॅकपासून वेगापर्यंत येताना शिकायला आपल्याला अर्धे शतक लागले. म्हणून सरकारी कार्यालय असो की सहकारी बँक, नव्या संगणकाची निविदा काढताना वेग आणि स्मृतीचे आकडे नंतर लिहावेत. आपल्याकडचे कोणते जुने काम, कोणत्या जुन्या फाइली या यंत्रावर उघडल्याच पाहिजेत, त्याची यादी पहिल्या पानावर असावी आणि पैसे चुकते करण्यापूर्वी त्यातले एकेक उघडून पाहावे.