एकाच गाडीत अख्खं कोकण

मुंबईहून दक्षिणेला निघताना पहिला प्रश्न गाडीचा नाही, उजेडाचा. नेत्रावती एक्स्प्रेस लोकमान्य टिळक टर्मिनसवरून थेट तिरुवनंतपुरमला जाते, गाडी बदलायची कटकट नाही. पण ती दुपारच्या सुमारास सुटते, त्यामुळे रत्नागिरीनंतरचा बराचसा निसर्ग अंधारात जातो. त्यापेक्षा सकाळची मांडवी बरी. संध्याकाळपर्यंत मडगाव, सगळं कोकण दिवसाउजेडी, शिवाय डब्यात फिरणारं गरम खाणं. मडगावला मुक्काम करून पुढे दिवसाचीच गाडी धरली, की बदल फक्त एक.

समुद्राची आशा मात्र फार धरू नका. कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आतून जाते. इथली मजा डोंगर, खाड्या आणि बोगद्यांची. रत्नागिरीआधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरी सोडली की 64 मीटर उंचीचा पानवल पूल. त्यावर गाडी आली की खालची नारळाची झाडं मुठीएवढी दिसतात. पुढे कर्नाटकात होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल.

एसीच्या काळपट काचेपेक्षा स्लीपरची उघडी खिडकी केव्हाही चांगली. साइड लोअर मिळाली तर सोडू नका. पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्याही सावकाश धावतात. तेव्हा वेळ तपासूनच तिकीट काढा. आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं.