कुंभकोणमच्या तळ्याभोवतीची गावे

तळ्याकाठची गावे हिंडावयाची म्हटली, म्हणजे महाराष्ट्रातील माणसाला प्रथम लोणार आठवते. काळ्या खडकात खोल बसलेले ते खारे पाणी ज्वालामुखीच्या मुखात साठलेले आहे, अशी समजूत पुष्कळ काळ होती. ते विवर उल्केच्या आघाताने पडले, हे पुढे सिद्ध झाले. तथापि ज्या खडकात ते पडले, तो मात्र ज्वालामुखीजन्यच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाच्या थरांवर महाराष्ट्राचा बहुतेक भाग उभा आहे आणि त्याच काळ्या दगडातून येथील गड, लेणी व मंदिरे घडली आहेत. अशा दगडाच्या देशातला प्रवासी तमिळनाडूतील कुंभकोणमला गेला, तर त्याला नेमका उलटा मुलूख पाहावयास मिळतो. तेथेही मध्यभागी एक तळे आहे आणि तळ्याभोवती गावे आहेत. परंतु जमिनीत दगड म्हणून सापडावयाचा नाही. कावेरीने वाहून आणलेला गाळ हीच त्या प्रदेशाची सारी पुंजी होय.

कुंभकोणम हे नगर उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसले आहे. तंजावरहून ते सुमारे चाळीस किलोमीटर आणि तिरुचिरापल्लीच्या विमानतळाहून सुमारे नव्वद किलोमीटर पडते. चेन्नईहून रात्रीच्या आगगाडीने निघालेला प्रवासी पहाटे तेथे उतरतो. येथे येणारे बहुतेक यात्रेकरू मोटार ठरवून नवग्रहांची नऊ देवळे एका दिवसात उरकतात आणि थकून परत जातात. देवळे पाहिल्याचे पुण्य त्यांना लाभत असेल. प्रदेश पाहिल्याचा आनंद मात्र लाभत नाही. त्यापेक्षा कुंभकोणमला मुक्काम ठेवावा, पंधरा किलोमीटरांच्या आतली पाच-सात गावेच निवडावी आणि त्यांना तीन दिवस द्यावे. नदीने जसा थरावर थर गाळ आणला, तशी माणसेही या भूमीत थराथरांनी आली. तमिळ, तेलुगु, कन्नड, सौराष्ट्री आणि मराठी असे ते थर आहेत. ते वेगवेगळे ओळखता येतील अशा बेताने प्रवास आखला, तर तीन दिवस सार्थकी लागतात.

प्रथम काळाचा विचार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन सोसवत नाही. डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्या वेळी सांबा नावाचे लांब मुदतीचे भातपीक शेतात उभे असते आणि पोंगलच्या सुमारास, म्हणजे आपल्या संक्रांतीला, कापणी चाललेली दिसते. या पिकाची दोरी दूरवर सालेम जिल्ह्यातील मेट्टूर धरणाच्या हाती आहे. १९३४ साली पुऱ्या झालेल्या या धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याचा परिपाठ आहे. वर कर्नाटकात पाऊस ओढला आणि धरण भरले नाही, तर ही तारीख पुढे जाते. आणि ती पुढे गेली, की येथील शेतकऱ्याचे सगळेच गणित चुकते. कोरडा कालवा दिसला, तर तो केवळ निसर्गाचा देखावा नव्हे, हे प्रवाशाने ध्यानात ठेवावे.

दुसरा विचार वेळेचा. येथील देवळे पहाटे उघडतात, दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि पुन्हा चार वाजता उघडतात. अनभिज्ञ प्रवासी हे चार तास बंद दरवाजापुढे घालवतो. शहाण्याने तेवढ्यात केळीच्या पानावर जेवून घ्यावे आणि मग कारागिरांच्या वाड्यांकडे वळावे.

पहिला दिवस तळ्याचा आणि दगडाचा. महामहम तळे सुमारे सहा एकरांचे असून त्याच्या चहूबाजूंस पायऱ्या व सोळा लहान मंडप आहेत. प्रलयकाळी ब्रह्मदेवाचा अमृतकुंभ तरंगत येथे येऊन टेकला, शंकराने किराताच्या रूपाने बाण मारून तो फोडला आणि सांडलेले अमृत या ठिकाणी साठले, अशी कथा आहे. गावाचे नावही त्या कुंभावरूनच आले, असे सांगतात. मंडप मात्र माणसाने बांधले. तंजावरच्या तेलुगुभाषी नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित याचे ते काम. हा मंत्री कन्नड कुळातला. म्हणजे तमिळ तळ्यावर तेलुगु दरबारातील कन्नड माणसाचा हात फिरला आहे. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत असता, मासी महिन्यात पौर्णिमेच्या चंद्राचा मघा नक्षत्राशी योग आला, म्हणजे येथे महामहमचे स्नान होते. नाशिकच्या गोदाकाठी भरणारा सिंहस्थ याच गुरुभ्रमणावर अवलंबून आहे. २०१५ साली नाशिकला पर्वणीची स्नाने झाली आणि २२ फेब्रुवारी २०१६ रोजी कुंभकोणमला महामहम झाला. आकाशातील एकच ग्रह दोन नद्यांच्या काठी माणसे गोळा करतो. पुढचा महामहम २०२८ साली आहे. त्या गर्दीत गावे पाहणे अशक्य. म्हणून केवळ प्रवासासाठी जाणाऱ्याने ते वर्ष टाळावे आणि स्नानासाठी जाणाऱ्याने गावांचा बेत सोडावा.

तळ्यावरून सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर यावे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण ज्या बैठ्या घरात गेले, ते घर तेथे जतन केलेले आहे. याच नगरात १८२८ साली एका देशस्थ मराठी घराण्यात टी. माधवराव जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले. राज्यकारभाराची रीत दक्षिणेत शिकलेला मराठी माणूस पुन्हा उत्तरेकडे होळकर-गायकवाडांच्या चाकरीस गेला, हा इतिहासाचा एक सुरेख उलटा प्रवास म्हटला पाहिजे.

संध्याकाळ दारासुरमसाठी राखावी. चार किलोमीटरांवरील या गावी दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात ऐरावतेश्वराचे मंदिर बांधले. पुढचा मंडप रथासारखा असून त्याला दगडी चाके व उधळलेले घोडे आहेत. ज्या भूमीत ओंजळभर खडी मिळत नाही, तेथे हा सारा दगड दुरून आणावा लागला, हे मनात धरून भिंतीवरून हात फिरवला म्हणजे शिल्पाची किंमत नव्याने कळते. २००४ साली या मंदिराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. देवळाभोवतीच्या गल्ल्यांत हातमागांचा आवाज ऐकू येतो. येथील विणकरांपैकी पुष्कळ जण सौराष्ट्री समाजाचे. काही शतकांपूर्वी गुजरातेतून निघून हे लोक दक्षिणेत स्थिरावले. त्यांची बोली गुजरातीला जवळची असली, तरी वाटेतल्या मुक्कामांत तिच्यावर मराठीचाही संस्कार झाला आहे. मराठी प्रवाशाने कान देऊन ऐकले, तर तमिळ मुलखात एखादा ओळखीचा शब्द अवचित भेटतो.

दुसरा दिवस धातूचा. सकाळी पश्चिमेकडील स्वामिमलैला जावे. मलै म्हणजे डोंगर. परंतु सपाट गाळात डोंगर कोठला? तो माणसांनी रचला आणि वर मुरुगन म्हणजे कार्तिकेय बसवला. चढून जाण्यास साठ पायऱ्या आहेत. प्रभव, विभव इत्यादी जी साठ संवत्सरे महाराष्ट्रातील पंचांगात असतात, त्यांचीच ती संख्या. येथे पुत्राने पित्याला प्रणवाचा अर्थ सांगितला, अशी कथा आहे.

डोंगराखालच्या गावात स्थपतींचे कारखाने आहेत. चोळांच्या काळापासून चालत आलेली मूर्ती ओतण्याची रीत तेथे डोळ्यांनी पाहता येते. नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात आणि तिला घड्या घालून मुख, छाती, मांडी यांची प्रमाणे ठरवतात. मग मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती घडवतात. तिच्यावर प्रथम कावेरीच्या अतिशय मऊ मातीचा लेप देतात, त्यावर जाड मातीचे थर चढवतात. साचा तापवला की मेण वितळून निघून जाते आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत तांबेप्रधान पंचधातूचा रस ओततात. निवल्यावर साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून दुसरी मूर्ती कधी निघत नाही. मातीचा पहिला लेप जितका मुलायम, तितकी मूर्तीची कातडी नितळ. नदीचा गाळ येथे असा देवाच्या अंगाला लागतो. नदी आटली, तर हानी केवळ भाताची होत नाही.

या कौशल्याला एक दुःखद बाजूही आहे. कुंभकोणमजवळच्याच शिवपुरम गावी १९५१ साली जमिनीत चोळकालीन नटराज सापडला. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेल्या त्या मूर्तीच्या जागी हुबेहूब नक्कल परत आली आणि मूळ मूर्ती समुद्रापार विकली गेली. ती १९८६ साली भारतात परतली. तेव्हा कोणी प्रवाशाला एकीकडे बोलावून जुनी मूर्ती दाखवू लागला, तर त्याने सरळ पाठ फिरवावी. नवी मूर्ती मात्र स्थपतीच्या हातून पावती घेऊन अवश्य घ्यावी. घासाघीस करण्यापूर्वी ती घडण्यास किती दिवस लागले, एवढे विचारावे.

संध्याकाळी आग्नेयेकडील नाच्चियारकोविल गाठावे. पितळी समयांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. येथेही साच्याला लागणारी बारीक वाळू नदीनेच दिलेली. गावच्या विष्णुमंदिरात दगडी गरुड आहे. वर्षातून दोनदा त्याची मिरवणूक निघते. गाभाऱ्यातून निघताना त्याला चार माणसे उचलतात. पुढे आठ, सोळा, बत्तीस अशी खांदेकऱ्यांची संख्या वाढत जाते आणि परतताना त्याच क्रमाने उतरते.

तिसरा दिवस माणसांचा. पूर्वेच्या रस्त्याने तिरुभुवनमचे रेशीम व तिसऱ्या कुलोत्तुंगाने बांधलेले मंदिर पाहून तिरुविडैमरुदूरला यावे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची सत्ता स्थापिली. ती १८५५ साली इंग्रजांनी खालसा केली. या घराण्यातील अमरसिंह १७९८ साली गादीवरून दूर झाल्यावर आपला लवाजमा घेऊन याच गावी येऊन राहिले. येथील महालिंगस्वामीच्या मंदिरात हाती दिवा घेतलेल्या स्त्रीची पितळी मूर्ती आहे. प्रतापसिंह नावाच्या आपल्या आप्ताशी विवाह व्हावा म्हणून भोसले कुळातील एका मुलीने लक्षदीपांचा नवस केला होता. त्या नवसफेडीचा हा एक दिवा. दीपधारिणीच्या रूपाने ती स्वतःच देवापुढे उभी आहे, असे मानतात.

पुढे गोविंदपुरमला बोधेंद्र सरस्वती यांची समाधी आहे. नामसंकीर्तनाचा पुरस्कार करणारे हे यती. तमिळ भजनपरंपरेत मराठी अभंग आजही म्हटले जातात. म्हणणाऱ्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही. पण ठेका चुकत नाही. अलीकडे याच गावी विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले आहे.

प्रवासाचा शेवट कावेरीपलीकडील तिरुविसनल्लूरला करावा. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली हे गाव शेहेचाळीस पंडितांना इनाम दिले. म्हणून त्यास शहाजिराजपुरम असेही म्हणत. येथे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ राहत. श्राद्धाच्या दिवशी त्यांनी दारी आलेल्या, अस्पृश्य गणलेल्या एका भुकेल्या माणसाला श्राद्धाचे अन्न वाढले. गावाने त्यांना गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. तेव्हा त्यांच्या परसातल्या विहिरीलाच गंगा आली, अशी आख्यायिका आहे. कार्तिकै महिन्यातील अमावास्येला आजही माणसे त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करतात. पैठणच्या एकनाथांची श्राद्धान्नाची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. भाषा बदलली, नदी बदलली. पण भुकेल्याला पंक्तीबाहेर ठेवणारा धर्म खरा की त्याला वाढणारा, हा प्रश्न दोन्ही गावांनी सारखाच विचारला.

ज्याच्यापाशी आणखी एक दिवस असेल, त्याने तो तंजावरला द्यावा. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी लेख आहे. ते मोडी वाचणारे आता विरळ झाले आहेत आणि तंजावरी मराठी बोलणारी घरेही कमी होत चालली आहेत. अशा एखाद्या घरातील वृद्धाशी गाठ पडली, तर त्याच्या बोलण्यातील जुन्या किंवा तमिळ वळणाच्या शब्दांना हसू नये. महाराष्ट्रापासून शेकडो कोसांवर, साडेतीन शतके ती भाषा माजघरात जपली गेली आहे. म्हणून बेत आखताना तिसऱ्या दिवसाची दुपार कोणत्याही देवळाला देऊ नये. ती अशा बोलण्यासाठी मोकळी ठेवावी.