जुन्या स्पोर्ट्स कारचे एबीएस: काढावे की ठेवावे?

माझदा एमएक्स-5 ही दोन जणांची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. पहिल्या पिढीच्या या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, हवे असेल तर त्याचे जादा पैसे मोजावे लागत. त्यामुळे एबीएस असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही गाड्या आजही वापरात आहेत. अमेरिका, ब्रिटन, जपानमधले हौशी मालक सुट्टीच्या दिवशी त्या रेस ट्रॅकवर नेतात. आधी सस्पेन्शन कडक होते, मग रुंद टायर चढतात, मग टर्बो येतो. आणि एक दिवस नजर बॉनेटखालच्या, पाइपांच्या जाळ्यात बसलेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर जाते. हे एबीएस काढूनच टाकले तर?

टायरची पकड सर्वांत जास्त असते ती चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के मंद फिरत असताना. त्यापुढे ब्रेक दाबला की चाक जाम होते आणि दोन गोष्टी एकदम बिघडतात. कोरड्या डांबरावर पकड घटते आणि स्टिअरिंग कितीही वळवले तरी गाडी नाकासमोर घसरत राहते. एबीएस प्रत्येक चाकाजवळच्या दातेरी कड्यावरून त्याचा वेग मोजते. एखादे चाक अचानक मंदावले की त्याच्या ब्रेक ऑइलचा दाब आधी रोखते, मग सोडते, मग पुन्हा वाढवते. हे सारे सेकंदाला अनेकदा. पायाखाली पेडल थरथरते ते यामुळेच. बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस प्रणाली 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, तेव्हा तिचे वजन 6.3 किलो होते.

फरक किती पडतो, हे साध्या गणिताने दिसते. ताशी 100 किमी वेगातली गाडी 0.9 जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या 0.9 पट) इतक्या मंदनाने सुमारे 44 मीटरमध्ये थांबते. चाके जाम होऊन हेच मंदन 0.75 जी वर आले, तर 52 मीटर लागतात. आठ मीटर म्हणजे एमएक्स-5 सारख्या दोन गाड्यांची लांबी. पण अंतरापेक्षा वेगाचा आकडा अधिक बोलका आहे: पहिली गाडी जिथे थांबली, तिथून दुसरी अजून ताशी 40 किमीच्या वेगाने पुढे जात असते.

मग लोक एबीएस काढतात तरी का? वजन कमी होते, ही सबब नेहमी पुढे केली जाते आणि ती सर्वांत लंगडी आहे. तेवढे वजन मालकाने वडापाव सोडून घटवले तरी चालेल. इंजिन बदलताना किंवा टर्बोचे पाइप फिरवताना जागा लागते, हे कारण खरे आहे. तीस वर्षांनी सेन्सरच्या वायरी तुटतात, कडी गंजतात, सुटे भाग मिळत नाहीत, हेही खरे. पण जाणकार मालक ज्या कारणाने एबीएसला वैतागतो, ते वेगळेच आहे.

लांब सरळ पट्टा संपून वळण येते. चालक नेमक्या ठिकाणी पेडलवर जोरात पाय मारतो. त्याच क्षणी पुढचे एक चाक रस्त्याच्या उंचवट्यावरून जाते, क्षणभर हलके होते आणि त्याचा वेग एकदम पडतो. 1990 च्या सुमारास लिहिलेल्या प्रोग्रॅमला याचा एकच अर्थ ठाऊक आहे: खाली बर्फ आहे. तो दाब सोडून देतो. पेडल विटेसारखे घट्ट होते, गाडी थांबायचे नाव घेत नाही आणि वळण अंगावर येते. ट्रॅकवरची मंडळी याला ‘आइस मोड’ म्हणतात. ज्याने हे एकदा अनुभवले, त्याला एबीएसचे गुणगान ऐकवून उपयोग नसतो.

यात दोष एबीएसचा जितका, तितकाच गाडीत केलेल्या बदलांचा. ती प्रणाली 14 इंची चाकांवरच्या 185 मिमी रुंद साध्या टायरसाठी, मऊ स्प्रिंगसाठी आणि ब्रेकची डिस्क दोन बाजूंनी आवळणाऱ्या मूळ कॅलिपरसाठी जुळवलेली होती. चिकट रबर, दगडासारखे सस्पेन्शन आणि मोठे कॅलिपर लावले की प्रत्येक हिशेब चुकतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की त्यांना ऑइल जास्त लागते. व्हॉल्व्ह पूर्वीइतकाच वेळ उघडला तर दाबात होणारा बदल वेगळाच असतो.

काढायचेच ठरवले, तर कामाचा कठीण भाग पाने-पक्कडीचा नसतो. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून एबीएस युनिटकडे जाणारे आणि तिथून चाकांकडे जाणारे पाइप नव्याने करावे लागतात, त्यांची टोके नीट फ्लेअर करावी लागतात आणि ब्रेकमधली हवा पूर्ण काढावी लागते. हे कोणताही चांगला ब्रेक मेकॅनिक करतो. खरा प्रश्न पुढच्या-मागच्या ब्रेकच्या वाटणीचा. या गाडीच्या दोन्ही एक्सलवर वजन जवळपास समान असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून 45 सेंमी वर धरला, तर 1 जी मंदनाला 2265 मिमी व्हीलबेसवर सुमारे 190 किलो भार मागून पुढे सरकतो. पुढे 665 किलो, मागे उरतात जेमतेम 285. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. पुढची आधी जाम झाली तर निदान सरळ तरी जाते. म्हणून कारखान्यात मागच्या ब्रेकचा दाब ठरावीक मर्यादेनंतर कमी वाढवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. कॅलिपर, पॅड किंवा टायर बदलले की त्याचे गणितही कोलमडते. एमएक्स-5 च्या मालकाची एक सोय अशी, की बिनाएबीएस गाडीचे मूळ ब्रेकचे भाग त्याला नमुन्याला मिळतात. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मात्र अनेक गाड्यांत ही वाटणी एबीएसचाच संगणक करू लागला. तिथे एबीएस काढणे म्हणजे मागच्या चाकांना मोकाट सोडणे.

त्यामुळे पाइप कापण्याआधी एक स्वस्त परीक्षा करावी, असे अनुभवी मंडळी सांगतात. जुन्या, यांत्रिक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हच्या गाडीत एबीएसचा फ्यूज काढला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ब्रेक साधे होतात. बंद ट्रॅकवर, मोकळी जागा पाहून तसा एक दिवस काढला की पुढचे चाक केव्हा जाम होते आणि आपला पाय ते ओळखतो का, हे कळते. पावसात ते ओळखणारा पाय फार थोड्यांचा असतो.

तिसरा मार्गही आहे आणि तोच बहुधा सर्वांत शहाणपणाचा: जुने एबीएस काढून नवे बसवणे. बीएमडब्ल्यूच्या ई46 एम3 मधले एमके60 हे युनिट इतर गाड्यांत बसवून घेणारे पुष्कळ आहेत. फॉर्म्युला वनने 1994 च्या हंगामापासून एबीएसवर बंदी घातली, हा दाखला एबीएस काढून टाकणारे देतात; पण ती बंदी यंत्राने चालकाला मदत करू नये म्हणून होती. जीटी3 शर्यतींच्या गाड्यांत एबीएस आजही असते.

एबीएसलाही मर्यादा आहेतच. सुट्या खडीवर जाम चाक पुढे खडीचा ढीग लोटते आणि कधी लवकर थांबते. अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेने 2009 मध्ये दीर्घकाळच्या अपघातांचा हिशेब मांडला, तेव्हा जीवघेण्या अपघातांवर एबीएसचा निव्वळ परिणाम जवळपास शून्य निघाला. एकूण अपघातांत सापडणाऱ्या कार मात्र 6 टक्क्यांनी घटल्या होत्या.

फक्त ट्रॅकवर जाणाऱ्या, चिकट टायरच्या गाडीतले बिघडलेले जुने एबीएस वाटणी नीट बसवून काढणे समर्थनीय आहे. रोज रस्त्यावर, पावसात, कुटुंबासह धावणाऱ्या गाडीतले एबीएस दुरुस्त करावे, काढू नये. भारतात तर हा प्रश्न गॅरेजमध्ये सुटणारा नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीकृत गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकास 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.