भंगारांतून सुतारशाळेंत

कागलहून कोल्हापूरकडे निघावें, कीं थोड्याच वेळांत यंत्रांचा आणि फौंड्र्यांचा मुलूख लागतो. अलीकडे कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहत, पलीकडे शहरांतलें शिवाजी उद्यमनगर, आणि त्याच शहरांत लांकडाच्या वखारींचें टिंबर मार्केट. या टापूंत जुन्या बिडाला मरण फार लवकर येतें. एखाद्या आरागिरणीच्या मागें बाभळीखालीं पडलेलें, कोंबड्यांनीं वस्तीला घेतलेलें यंत्र आज दिसतें. उद्यां भंगारवाला घण घालून त्याचे तुकडे करतो. आणि परवां तें भट्टींत वितळून कोणत्या तरी मोटारीचा सुटा भाग होऊन बाहेर पडतें. बीड वजनावर विकलें जातें. त्यांत किती कारागिरांचें कसब गेलें आहे, हें काट्यावर दिसत नाहीं.

अशांपैकीं एखादें यंत्र वांचवावें, आणि घरच्या पडवींत लहानशी सुतारशाळा थाटून तें पुन्हां चालतें करावें, ही हौस परदेशांत पुष्कळ रूढ आहे, व इकडेही ती कोणाकोणास लागूं लागली आहे. हौस चांगली, परंतु तिची किंमत केवळ रुपयांत मोजावी लागते असें नाहीं, चूक झाल्यास ती बोटांनींही मोजावी लागते. म्हणून कोणतें यंत्र घरीं आणावें आणि कोणतें भंगारवाल्याच्याच हवालीं करावें, हा विचार दुरुस्तीच्या आधींचा आहे.

लांकूडकामाचीं यंत्रें हातरंध्याच्या मानानें अगदीं अलीकडचीं. इंग्लंडांत सर सॅम्युएल बेंथम यानें रंधायंत्राचें पहिलें हक्कपत्र १७९१ सालीं घेतलें. पोर्टस्मथच्या गोदीसाठीं मार्क ब्रुनेल यानें योजिलेल्या व हेन्री मॉडस्ले यानें घडविलेल्या यंत्रांवर १८०८ च्या सुमारास वर्षाकांठीं सुमारें १,३०,००० जहाजी कप्प्या निघूं लागल्या. ज्या कामास पूर्वीं शंभरावर माणसें लागत, तें दहा माणसें उरकूं लागलीं. पट्टा-करवतीची कल्पना विल्यम न्यूबेरी यानें १८०८ सालींच मांडली होती. पण पात्याचीं दोन टोकें जोडणारा सांधा टिकेना. फ्रान्समध्यें १८४६ च्या सुमारास टिकाऊ पातें निघालें, तोंपर्यंत ती कल्पना जवळजवळ चाळीस वर्षें कागदावरच राहिली.

इकडे हीं यंत्रें कशाला आलीं, याचें उत्तर फर्निचरांत शोधूं नये. तें फौंड्रींत आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ आपला कारखाना वसविला. तेथें बिडाचा नांगर ओतावयाचा, तर वाळूंत ठसा उमटविण्यासाठीं आधीं लांकडाचा नमुना हवा. कारागीर त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न केसभर वांकडा, तर ओतलेला प्रत्येक नग वांकडा. त्यामुळें पॅटर्न करणाऱ्या सुताराजवळ चांगली पट्टा-करवत, लांकडाचा लेथ आणि रंधायंत्र असणें ही चैन नव्हती. बैलगाडीच्या लांकडी चाकाचें काम सरल्यावर कित्येक सुतारांच्या हातांना या पॅटर्नांनींच काम दिलें. आतां धातूचे व राळेचे पॅटर्न संगणकावर चालणारीं यंत्रें कोरतात, आणि जुनीं यंत्रें कोपऱ्यांत सरतात. शोधणारानें म्हणून आधीं पॅटर्नवाल्यांचीं दारें ठोठवावीं, मग आरागिरण्या पाहाव्या, आणि सरकारी कार्यशाळांच्या लिलावाच्या जाहिराती वाचीत जाव्या. यंत्रावर लीस्टरच्या वॉडकिन किंवा रॉशडेलच्या टॉमस रॉबिन्सन अशा जुन्या नांवाची पट्टी सांपडल्यास ती जपून ठेवावी. तीवरून यंत्राचीं मूळ पत्रकें व मापें मिळविणें सोपें जातें.

पट्टा-करवत घेणारानें एक गोष्ट विसरूं नये. आरागिरणीस वनखात्याचा परवाना लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयांतील गोदावर्मन खटल्यांत १९९६ सालीं निघालेल्या आदेशापासून हें प्रकरण बरेंच कडक झालें आहे. घरीं फळ्या कापणारी लहान करवत निराळी आणि ओंडके चिरणारी निराळी हें खरें. पण तो भेद आपला आपण ठरविण्यापेक्षां वनखात्याच्या कचेरींत विचारून घेणें बरें.

आतां परीक्षा. बाजारांत मडकें घेणारी बाई तें वाजवून घेते. यंत्रही तसेंच घ्यावें. लहान हातोडीनें बिडाच्या अंगावर ठिकठिकाणीं हलकेच ठोकावें. धड बीड खणखणतें, फुटकें बद्द वाजतें. शंका उरल्यास रेल्वेच्या कारखान्यांतली जुनी युक्ति करावी. तो भाग रॉकेलनें चांगला भिजवून कोरडा पुसावा आणि त्यावर खडूची भुकटी चोळावी. भेग असली तर तींत मुरलेलें रॉकेल हळूहळू झिरपून पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. बैठकीला भेग असल्यास लोखंडी पट्टी व बोल्ट यांनीं ती बांधतां येते. पट्टा-करवतीच्या चाकालाच भेग असेल, तर मात्र मालकाशीं भाव करीत बसूं नये. नमस्कार करून निघावें. गंज पाहून कोणी घाबरूं नये आणि ताजा रंग पाहून कोणी भुलूं नये. विकण्यासाठीं रंगविलेलें यंत्र हें नेहमीं दुप्पट वेळ तपासावें.

सगळ्यांत कठोर परीक्षा रंधायंत्राची. जुन्या रंधायंत्रांत पातीं धरणारा फिरता ठोकळा पुष्कळदां चौकोनी असतो, आणि हात जातात ते त्याच्यामुळें. ठोकळा चार इंच चौरस धरला, तर त्याचा कोपरा मध्यापासून सुमारें २.८ इंचांवर, पण सपाट बाजू अवघ्या २ इंचांवर. म्हणजे प्रत्येक फेऱ्यांत चार वेळां पाऊण इंचाहून खोल खळगा टेबलाच्या फटीशीं येतो. वेगांत तो डोळ्यांस दिसत नाहीं. दिसतो तो एक सबंध गोल. फळी निसटली कीं बोट त्या खळग्यांत उतरतें आणि पुढचा कोपरा येतो. गोल ठोकळ्यांत पातें एकदोन मिलिमीटरच वर डोकावतें. इजा होते, पण पंजा ओढला जाण्याचें भय पुष्कळच कमी होतें. ब्रिटनमध्यें १९२२ च्या नियमांनीं हातानें फळी सरकविण्याच्या रंधायंत्रांस गोल ठोकळा सक्तीचा केला. त्यालाही शंभर वर्षें होऊन गेलीं. असें असतां चौकोनी ठोकळा "जुना म्हणून अस्सल" समजून चालविणें हें शहाणपण नव्हे. बाकीचें यंत्र उत्तम असेल, तर जाणत्या यंत्रशाळेंत पोलादाचा गोल ठोकळा घडवून, त्याचा तोल तपासून बसवावा. ठोकळा बिडाचा करूं नये; वेगांत तो फुटला तर गोळ्यासारखा सुटतो. एवढा खर्च झेपत नसेल, तर तें यंत्र भंगारांतच जाऊं द्यावें. गोल करवतीच्या यंत्राला पात्यामागची पाचर आणि वरचें झांकण नसेल, तर तेंही आधीं बसवावें. चिरलेली फळी मिटून पात्याला चिमटली कीं ती चालविणाऱ्याच्या पोटाकडे उसळते. पाचर तें मिटणें थांबविते.

गंज काढण्याचें काम वेळखाऊ, पण सोपें. लहान भागांसाठीं प्लॅस्टिकचा टब, चार लिटर पाण्यास चमचाभर धुण्याचा सोडा, आणि मोटारीच्या बॅटरीचा चार्जर पुरतो. गंजका भाग ऋण टोंकाला व साध्या लोखंडाचा तुकडा धन टोंकाला जोडून दोन्ही पाण्यांत एकमेकांना न शिवतील असे टांगावे. गंज सुटूं लागतो. हें काम उघड्यावर करावें, कारण पाण्यांतून पेट घेणारा हैड्रोजन वायु निघतो. धन टोंकाला स्टेनलेस स्टीलचें भांडें कधींही लावूं नये. त्यांतील क्रोमियम पाण्यांत उतरून विषारी बनतें. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, तेव्हां तो कोरडा घांसून धूळ उडवूं नये; ओला करून खरवडावा, आणि पोरांना जवळ येऊं देऊं नये.

खरें कसब लागतें तें बेअरिंगांना. पुष्कळ जुन्या यंत्रांच्या शाफ्टखालीं गोळ्यांचें बेअरिंग नसतें, तर पांढरा मऊ धातु ओतलेला असतो. अमेरिकेंतील आयझॅक बॅबिट याच्या १८३९ सालच्या शोधावरून त्याला बॅबिट म्हणतात. इकडच्या दुकानांत त्याचें नांव व्हाइट मेटल. कथिलांत थोडें अँटिमनी व तांबें घातलेला हा धातु शाफ्टपेक्षां मऊ असतो, म्हणून झीज होते ती त्याची. शाफ्ट शाबूत राहतो. ज्या मुलखांत गुऱ्हाळांवर तेल-इंजिनें चाललीं, तेथें हा धातु ओतणारे मिस्त्री नवे नव्हेत. तरुणांत ते विरळ होत आहेत एवढेंच. त्यामुळें जुना मिस्त्री भेटल्यास यंत्राच्या आधीं त्यालाच गांठावें.

त्याची रीत अशी. जुना धातु वितळवून काढावयाचा. शाफ्टला दिव्याची काजळी धरावयाची, म्हणजे नवा धातु त्याला चिकटत नाहीं. शाफ्ट आपल्या जागीं अगदीं समतल मांडून, दोन्ही बाजूंच्या फटी मातीनें लिंपून, घर आणि शाफ्ट दोन्ही तापवावयाचीं. याचें कारण दुहेरी आहे: थंड लोखंडावर ओतलेला धातु थरांनीं गोठतो, आणि आंत ओलाव्याचा थेंब राहिला तर त्याची एकदम वाफ होऊन वितळलेला धातु तोंडावर उडतो. लिंपलेली माती पुरती वाळली नसेल तर त्या दिवशीं ओतूंच नये. धातु पुरेसा तापला कीं नाहीं, तें कोरडी काडी बुडवून पाहतात. काडी तपकिरी झाली तर ठीक. पेटली तर धातु करपला. नुसतीच ओली दिसली तर तो अजून थंड आहे. ओतणें एका धारेंत व्हावें. थंड झाल्यावर शाफ्टला निळा रंग माखून फिरवितात, जेथें निळें उमटेल तेवढेंच खरवडतात, आणि पुन्हां फिरवितात. अर्धा दिवस यांतच जातो. शेवटीं तेलासाठीं चर कोरून वरच्या टोपीखालीं पातळ पत्रे घालतात. पुढें झीज झाली कीं एकेक पत्रा काढला म्हणजे बेअरिंग पुन्हां घट्ट होतें.

गोळ्यांचें बेअरिंग असेल, तर कष्ट थोडे. त्याच्या कडीवर आंकडा कोरलेला असतो. ६२०५ असल्यास शेवटच्या ०५ ला पांचांनीं गुणावें. २५ मिलिमीटर हें आंतल्या भोंकाचें माप निघतें. शेवटचे दोन आंकडे ०४ पासून पुढें असले म्हणजे हा हिशेब बहुतेक चालतो.

फिरविण्याचें चाक किंवा मूठ मोडली असेल, तर कोल्हापूरच्या शेजारीं राहण्याचा फायदा दिसून येतो. मोडका भाग जोडून त्यावरून लांकडाचा पॅटर्न करावा व फौंड्रींत नवा ओतून घ्यावा. बीड निवतांना फुटामागें सुमारें एक अष्टमांश इंच आक्रसतें, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा हवा, आणि जेथें तासकाम व्हावयाचें तेथें आणखी थोडा जाड. जें यंत्र आयुष्यभर पॅटर्न करीत राहिलें, त्याच्यासाठीं आतां कोणी तरी एक पॅटर्न करतो.

राहिला वेग. हीं यंत्रें मूळचीं एका लांब शाफ्टवरून चामड्याच्या पट्ट्यानें फिरत. त्यांना नवी मोटर मनाला येईल तशी जोडूं नये. साधारण मोटर मिनिटास १४४० फेरे घेते. २४ इंची चाकांची करवत ६०० फेऱ्यांनीं चालवावयाची, तर मोटरवर ५ इंची आणि यंत्रावर १२ इंची पुली लागते. चाकाचा परीघ सुमारें ६.२८ फूट, तेव्हां पातें मिनिटास सुमारें ३,७७० फूट धांवतें. लांकडाला तें मानवतें. पुल्यांची अदलाबदल झाली तर तेंच चाक साडेतीन हजारांच्या घरांत फेरे घेऊं लागेल, आणि बीड तें सोसणार नाहीं. घरीं सिंगल फेजचीच वीज असेल, तर तशीच मोटर घ्यावी किंवा वीजतंत्र्याकडून योग्य जोडणी करवून घ्यावी.

पहिल्या दिवशीं पातें चढवूं नये. पट्टे लावण्यापूर्वीं चाकें हातानें फिरवून पाहावीं, तेलाच्या वाट्या भराव्या, झांकणें बसवावीं, मग मोटर सुरू करून यंत्र रिकामेंच चालूं द्यावें. दर पांच मिनिटांनीं तें बंद करून, चाकें पुरतीं थांबल्यावर, बेअरिंगच्या टोपीवर तळहात ठेवावा. हात सुखानें राहिला तर पुन्हां चालवावें. चटका बसला तर टोपी उघडून निळा रंग पुन्हां माखावा, आणि खरवडणी हातांत घ्यावी.