जॉबवर्कची गाणी आणि आपली गाणी



एरवी मी तुमच्याशी कर्ज, व्याज, हजेरी नि हिशोबाच्या वह्या यांबद्दल बोलते. आज गाण्यांबद्दल बोलणार आहे. तीही सिनेमाची नाहीत. ज्यांना रॉक म्हणतात, इंडी म्हणतात, तसली माझी आवडती गाणी. काही जणी म्हणतील, हिला काय झालं आज? ती गाणी कॉलेजच्या पोरांची, आपला काय संबंध? संबंध आहे, म्हणून तर विषय घेतला. शेवटपर्यंत ऐका.

आधी शब्द समजून घेऊ. बँड म्हटलं की आपल्याला लग्नातला बँडबाजा आठवतो. रॉक बँड म्हणजे चार-पाच जणांचं मंडळ. एक गिटार वाजवतो. एक बेस गिटार, म्हणजे जाड तारांची, खर्जात घुमणारी. एक ड्रमवर असतो, एक गातो. आपल्या भजनी मंडळाशी ताडून बघा. चाल लावणारे बुवा असतात, मागे ओढणारे टाळकरी असतात आणि पखवाज असतो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा जो घुमार आपल्या पोटात जाणवतो, तेच काम तिकडे बेस गिटार करते. आवाज मोठा असतो, वाद्यं विजेवर चालतात, म्हणून पहिल्यांदा कानाला टोचतं. पण बांधणी ओळखीची आहे.

आता इंडी. इंडिपेंडंट या शब्दाचं ते छोटं रूप. म्हणजे स्वतंत्र. हे समजायला आपल्या भोसरी-चाकणचंच उदाहरण घेऊ. इथल्या छोट्या वर्कशॉपमध्ये जॉबवर्क चालतं. मोठी कंपनी ड्रॉइंग देते, बऱ्याचदा मालही देते. वर्कशॉपवाल्यानं सांगितलेल्या मापात पार्ट करून द्यायचा. पार्ट कितीही सुबक झाला, तरी गाडीवर नाव कंपनीचं. सिनेमाचं गाणं बरंचसं असंच बनतं. कथेत कुठे गाणं हवं ते दिग्दर्शक सांगतो, गीतकार शब्द लिहितो, संगीतकार चाल लावतो, गायिका गाते आणि पडद्यावर ओठ हलवते चौथीच. त्यातही सुंदर गाणी होतात, मला ती आवडतातच. इंडी गाणं म्हणजे मात्र स्वतःचं उत्पादन. जिचं सांगणं, तिचेच शब्द, तिचीच चाल, रेकॉर्डिंगचा खर्चही बहुतेक वेळा तिचाच. आपला एखादा गट दुसऱ्याच्या पिशव्या शिवून देणं सोडून स्वतःच्या नावाचा मसाला विकायला लागतो ना, तसं.

अशा गाण्यांतलं माझं सगळ्यात आवडतं गाणं इंग्रजी आहे. त्याचं नाव 'फास्ट कार', म्हणजे वेगानं पळणारी गाडी. लिहिणारी, चाल लावणारी आणि गाणारी एकच, अमेरिकेतली ट्रेसी चॅपमन ही कृष्णवर्णीय बाई. गाणं १९८८ सालचं. मी बी.ए. करत असताना मैत्रिणीनं ते माझ्या मेमरी कार्डात भरून दिलं होतं. पहिल्यांदा फक्त गिटारची तीच तीच फिरणारी धून आवडली. मग डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावत बसले.

गोष्ट अशी आहे. एका मुलीचा बाप दारू पितो. त्याला कंटाळून आई निघून गेली आहे. आता बापाचं करणार कोण? म्हणून मुलगी शाळा सोडते. दुकानात काम करून ती थोडे पैसे साठवते. एका मुलाकडे गाडी आहे. ती त्याला म्हणते, चल, शहरात जाऊ, दोघं काम करू, चांगलं घर घेऊ. दोघं जातात. तिला नोकरी मिळते. पण पुढे तोही दारूच्या अड्ड्यावर रमतो. मुलाबाळांपेक्षा त्याला मित्र जास्त दिसतात. घर हिच्याच पगारावर चालतं. ज्यातून बाहेर पडायला ती निघाली होती, तेच पुन्हा तिच्या दारात. शेवटी ती त्याला सांगते, गाडी तुझ्याकडे आहे, राहायचं की निघायचं ते तू ठरव.

मैत्रिणींनो, ही गोष्ट अमेरिकेची वाटते का? मराठवाड्यातून, विदर्भातून आपल्या पट्ट्यात आलेल्या, दहा बाय दहाच्या खोलीत राहून कंपनीच्या बसनं शिफ्टला जाणाऱ्या कितीतरी जणी मला रोज भेटतात. ते गाणं मी दोन-तीन गटांत मराठीतून सांगितलं. एकही बाई म्हणाली नाही की हे मला कळलं नाही.

या गाण्याचा पुढचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली मैदानात मोठा कार्यक्रम होता. नेल्सन मंडेला तेव्हा तुरुंगात होते. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी जगभरचे कलाकार जमले होते. चॅपमनचं गाणं आधीच होऊन गेलं होतं. पुढे स्टीव्ही वंडर हे मोठे गायक येणार, तर ऐनवेळी त्यांच्या वाद्याच्या यंत्रणेत अडचण आली. रिकामी वेळ भरायला हिला पुन्हा उभं केलं. ती एकटी, हातात एक गिटार. तिनं 'फास्ट कार' म्हटलं. जगभर लोक टीव्हीवर ते बघत होते. त्या दिवसानंतर तिचं नाव सगळीकडे झालं.

पस्तीस वर्षांनी, २०२३ साली, ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या गायकानं तेच गाणं पुन्हा गायलं. गाण्यातली बाई दुकानात गल्ल्यावर काम करते. तो पुरुष असूनही त्यानं ते शब्द बदलले नाहीत. गाणं पुन्हा गाजलं. त्या वर्षीचा अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा उत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला तो ट्रेसी चॅपमनला, कारण गीत तिचं होतं. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गायलं दुसऱ्यानं, तरी नाव तिचं राहिलं आणि गीतकार म्हणून मानधनही तिचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं गाणं आपल्या देशातलं. दिल्लीचा इंडियन ओशन नावाचा बँड आहे. त्यांचं 'मा रेवा' हे गाणं २००० साली 'कांदिसा' या अल्बममध्ये आलं. रेवा म्हणजे नर्मदा. हे नर्मदा खोऱ्यातलं लोकगीत. बँडमधले राहुल राम काही वर्षं नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते, तिथून हे गाणं त्यांच्याबरोबर आलं. सरदार सरोवरात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव भागातली ३३ गावं बाधित झाली. हे गाणं ऐकताना मला आपला खेड तालुका आठवतो. भामा-आसखेड आणि चासकमान धरणांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या घरांतल्या बायका आपल्या गटांत आहेत. नदीला आई म्हणायचं आणि त्याच नदीच्या पाण्याखाली आपलं शेत गेलेलं बघायचं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी आवड आपल्या इंद्रायणीकाठची. मुंबईचा अभंग रिपोस्ट नावाचा बँड संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीनं गातो. आमच्या काही माळकरी मावश्यांना ते पटत नाही. त्यांचं म्हणणं, अभंग टाळ-मृदंगातच शोभतो. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. एवढंच म्हणते की तुकोबा देहूचे, इथलेच. त्यांनी रोजच्या बोलीत लिहिलं, आपल्या अनुभवाचं लिहिलं आणि कुणाला काय आवडेल याची पर्वा न करता लिहिलं. कंपनीच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून एखादी पोरगी तुकोबा ऐकत असेल, तर तो तिच्यापर्यंत पोचला, यात मला आनंद आहे.

आणि चौथी आहे माही जी. ही महादेव कोळी समाजातली तरुण मुलगी रॅप करते, म्हणजे ठेक्यावर झपाझप बोलल्यासारखं गाते. 'जंगलचा राजा' हे तिचं गाणं आदिवासींच्या जगण्यावर आहे. आपल्या खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिमेला हाच समाज राहतो. आपल्यासारख्या घरातली मुलगी माइक हातात घेऊन आपल्या माणसांचं सांगते, हे आपल्या पोरींना दाखवा.

आता मूळ मुद्द्यावर येते. स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, स्वतःचं दुःख आणि कुणाची ऑर्डर नाही. याला इंडी म्हणत असतील, तर आपल्या आज्या पिढ्यान् पिढ्या तेच करत होत्या. पहाटे जात्यावर बसून त्यांनी माहेर, सासुरवास, भाऊ, लेक, विठ्ठल, बाबासाहेब सगळं ओवीत घातलं. पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. आता ते हळद दळायलाच बाहेर निघतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत मुळशी, मावळपासून सुरुवात करून गावोगाव ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं येत आहेत. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

कारण उलटंही घडतं. आमच्या भागातल्या एका आजींच्या हळदीच्या ओव्या कुणीतरी मोबाइलवर घेतल्या, खाली डीजेचा ठेका लावला आणि टाकून दिल्या. लग्नात पोरं त्यावर नाचली. आजींचं नाव कुठेच नव्हतं. आजी एवढंच म्हणाल्या, "आवाज माझा हाये, मंग नाव का न्हाई?"

आजींचा प्रश्न कायद्यालाही धरून आहे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. तुम्ही स्वतः गाणं रचून लिहून काढलं, की त्यावर तुमचा हक्क लागतो. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तो हक्क तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. पारंपरिक ओवी कुणा एकीची नसते, पण ती गाणारीलाही कलाकार म्हणून हक्क आहे. तिचं गाणं रेकॉर्ड करायला तिची संमती लागते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपलं नाव लावलं जावं, असं म्हणण्याचा हक्कही तिला आहे.

म्हणून गटासाठी काही साध्या गोष्टी सांगते. कुणाचं गाणं मोबाइलवर घेण्याआधी तिला विचारा, आणि ते कशासाठी घेताय तेही सांगा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तिला स्वतःचं नाव, गाव आणि ओवी कुणाकडून शिकली ते बोलू द्या. तारीख सांगा. एक प्रत तिच्या घरच्यांच्या फोनवर द्या. पुढे पाठवताना नाव काढू नका, आणि तिनं नको म्हटलं तर पाठवूच नका. गटातली एखादी स्वतः नवीन गाणं रचत असेल, तर ते वहीत उतरवून खाली तिचं नाव आणि तारीख घाला. बचतीच्या नोंदीला आपण जेवढं जपतो, तेवढंच हिलाही जपा.

पुढच्या मासिक बैठकीत हिशोब झाला की दहा मिनिटं ठेवा. एका म्हातारीला ओवी म्हणायला लावा आणि एका पोरीला तिच्या कानातलं गाणं सगळ्यांना ऐकवायला सांगा. त्याचा अर्थ तिनंच सांगायचा. आणि ओव्या आपल्या रेडिओकडे पाठवायच्या असतील, तर नावानिशी पाठवा. आम्ही नाव घेऊनच लावू.