कंट्री गीतांतील घराची ओढ आणि अलंकार

रूपक आणि चेतनगुणोक्ती यांची लक्षणे आपण मागे पाहिली. आता त्यांचे कार्य पाहू. अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिण भागात रुजलेल्या कंट्री संगीतात घराची ओढ हा एक महत्त्वाचा विषय आहे. जॉन डेन्व्हर यांनी गायिलेले ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ (१९७१) हे गीत घ्या. त्यात वेस्ट व्हर्जिनिया राज्याला आई मानले आहे, हे रूपक. रस्त्याला घरी नेण्याची विनवणी केली आहे, ही चेतनगुणोक्ती. रूपकामुळे प्रदेशाचे नाते होते आणि अंतराची ताटातूट होते. विनवणी निर्जीव रस्त्याला करावी लागते, यातून गाणाऱ्याचे एकटेपण सूचित होते.

विशेष म्हणजे, गीताचे एक सहलेखक बिल डॅनॉफ यांनी तोवर वेस्ट व्हर्जिनिया पाहिलेही नव्हते. कल्पना सुचली ती मेरीलंडमधील रस्त्यावर. तरीही २०१४ मध्ये त्या राज्याने हे गीत अधिकृत राज्यगीतांत समाविष्ट केले. ओढ खरी वाटते ती अलंकाराने जोडलेल्या नात्यामुळे. म्हणूनच घरापासून दूर असलेला श्रोता त्या आईच्या जागी आपले गाव ठेवू शकतो.

स्वाध्याय : आपल्या बोलीतील माहेरविषयक एक ओवी निवडून तिच्यातील अलंकारांचे कार्य स्पष्ट करा.