टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे

किनवटच्या आश्रमशाळेत मी इतिहास शिकवते. वर्गात गोंड, कोलाम, बंजारा लेकरं. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी मॉन्टगोमेरीच्या बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला आणि तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसमध्ये पाय ठेवला नाही, हे ऐकताना मुलं सरसावून बसतात. मग मी फळ्यावर आणखी एक नाव लिहिते: पोचीराम कांबळे, टेंभुर्णी, जिल्हा नांदेड.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला. औरंगाबादेत विद्यापीठ आलं १९५८ साली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज तिथं १९५० पासून चालू होतं. तरी ठराव होताच गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. राग नुसत्या नावाचा नव्हता. दलितांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं, गायरानं कसायला घेतली होती, पोरं कॉलेजात धाडली होती.

माझी मावशी तेव्हा बिलोलीकडून लेकरं घेऊन मुदखेड-आदिलाबाद मीटरगेज गाडीनं आमच्याकडं आली. जळालेल्या छपराचं ती बोलायचीच नाही. “माय, ज्वारीत रॉकेल ओतलं गं,” एवढंच. घरात दाणा उरला नाही की माणूस मजुरीसाठी पुन्हा जाळणाऱ्यांच्याच दारात उभा राहतो, हा हिशोब तिला पक्का कळला होता.

पोचीराम मातंग होते. नामांतर बौद्धांचं, त्यात तुमचं काय, असं मातंगांना तेव्हा सुनावलं जाई. पोचीराम मात्र उघड ‘जय भीम’ म्हणत. ऑगस्ट १९७८ मध्ये जमावानं त्यांना गाठलं, ‘जय भीम’ सोड म्हणून मारलं. त्यांनी सोडलं नाही. त्यांना जिवंत जाळण्यात आलं.

मला सगळ्यात भिडतं ते त्यांचं एकटेपण. मॉन्टगोमेरीत पाठीशी चर्च होती, वकील होते, पायी निघालेल्यांना मोटारीत घेणारे लोक होते. मुंबईच्या तरुणांनी अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ ला दलित पँथर काढली, तिच्यामागंही शहरातल्या चाळी होत्या. आमच्या खेड्यात मजुरी, पाणी, किराणा, सगळं समोरच्याच्याच हातात. तिथं मरण दिसत असताना दोन शब्द न सोडणं किती अवघड, हे खेड्यात राहिलेल्यालाच कळेल.

ठराव कागदावरच राहिला. पुढं नामांतरासाठी १९७९ चा लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी त्याच मागणीसाठी नांदेडात आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, त्यामुळं आमच्या किनवटच्या पोरांच्या पदवीवर ते नाव येत नाही. म्हणून तर पोचीराम त्यांना शाळेतच भेटले पाहिजेत. पोरं विचारतात, टेंभुर्णीला इथून गाडी कुठली? ती मी सांगते, आणि जमेल तेव्हा सोबत जाते.